दुसऱ्या भागात आपलं दार

पिएत्रास्पीना, ४ नोव्हेंबर १९७३

दोमेनिका,

कामापुरतं लिहिते आहे, तेव्हा पाकीट फोडताना छातीवर हात ठेवू नकोस. कुणी मेलेलं नाही. म्हणजे मेलेत बरेच, बारा वर्षांत मरायचेच, पण या आठवड्यात कुणी नाही.

आईची काळी शाल तू जाताना घेऊन गेलीस. ती पाठव. डाळिंबांचं भरतकाम असलेली, झालर एका कोपऱ्यात मांजराने कुरतडलेली. फेकली असशील तर तसं कळव, म्हणजे मी वाट बघणार नाही.

कारण सांगते. तो गुन्हेगार घराण्याचा अमेरिकन सिनेमा तू पाहिलाच असशील, तिथे तो न पाहिलेला माणूस नाही म्हणतात. त्यात तीन भाऊ जेवणाच्या टेबलावरून उठतात आणि परत कधी एकत्र बसत नाहीत, तोच. त्यातला आपल्या बेटावरचा भाग रोक्कामाराला काढला. रोक्कामाराला! जिथल्या चौकात धड सावली नाही. तीन दिवस कॅमेरा येऊन गेला आणि तेव्हापासून त्या लोकांची नाकं खाली आलेली नाहीत. बाजारात भाजी घेतानासुद्धा आपण त्यांच्या गावचे फोटो बघितलेत का म्हणून विचारतात. सिनेमात त्यांचं गाव अकरा मिनिटं दिसतं. बास्तियानोकाकाने घड्याळ लावून मोजलंय.

तर आता त्याच सिनेमाचा दुसरा भाग निघतो आहे आणि तो आपल्याकडे काढणार आहेत. संबंध महिनाभर. रोक्कामारावाले म्हणतात, दुसरा भाग म्हणजे कालचा पास्ता गरम करून वाढणं. मी त्यांच्या त्या जाड्या न्हाव्याला तोंडावर सांगितलं, की आमच्याकडे कालचा पास्ता तव्यावर खरपूस तळतात आणि तो पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागतो.

चाळीस माणसांचे कपडे माझ्याकडे शिवायला आहेत, पन्नास वर्षांपूर्वीच्या पद्धतीचे. कपड्यांचं बघणारी ओर्नेल्ला नावाची रोमची बाई आहे. तिने भिंतीवरचा आईचा फोटो पाहिला आणि ती शालच धरून बसली. म्हणाली, हीच हवी. मी म्हटलं, न्यूयॉर्कला आहे. म्हणाली, मागवा. मी म्हटलं, ते तेवढं सोपं नाही. म्हणाली, पोस्ट आहे की. रोमच्या लोकांना सगळं सोपं वाटतं.

चिठ्ठी घातली नाहीस तरी चालेल. शाल नीट बांध, म्हणजे ओल लागणार नाही.

सारिना

---

पिएत्रास्पीना, १९ डिसेंबर १९७३

मिम्मा,

पार्सल पोचलं. चिठ्ठी घालू नकोस म्हटलं तर खरंच घातली नाहीस. माझं एवढं एकच ऐकायचं तुला कसं सुचलं?

शाल छान आहे. कुरतडलेला कोपरा तसाच आहे. पण मिम्मा, ती ज्यात गुंडाळली होतीस तो कोट मी दोर सोडताक्षणी ओळखला. आई गेली त्या वर्षी तू सुतकात घालायला म्हणून मला पाठवलेला काळा कोट. तू आली नाहीस आणि कोट आला. मी तो ब्लेडने सगळ्या शिवणींवर उसवला, इस्त्री केली, अकरा तुकडे घडी करून तुझ्याच खोक्यात भरले आणि परत पाठवले. इस्त्री का केली ते विचारू नकोस. उसवलेलं कापड चुरगळलेलं पाठवायचं नाही, एवढी शिस्त होती रागातसुद्धा.

आणि तू तो परत शिवलास. कधी? लगेच शिवलास की आता? उजव्या खिशात बसचं तिकीट सापडलं, म्हणजे घातलेला आहेस. डावी बाही उलटी बसवली आहे, पुढची बाजू मागे. तुला बाही कधी जमलीच नाही. आई म्हणायची, मिम्माच्या हातचं झबलं घातलं तर पोरगं मोठेपणी टपालवालाच होणार, एक खांदा कायम खाली.

उसवून नीट लावावी म्हणून कात्री घेतली होती. मग ठेवून दिली. आहे तसाच घालते. हात पुढे करताना ओढतो, पण ऊब चांगली आहे. रविवारी चर्चमध्ये बास्तियानोकाका म्हणाला, "सारिना, खांदा धरलाय का?" मी म्हटलं, "नाही, बहिणीने शिवलाय." आजूबाजूच्या चार बायका वळून बघायला लागल्या. मी प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसले, पण मला आतून इतकं हसू येत होतं की पुस्तक उलटं धरलंय हे पाद्रीबुवांनी खूण करून सांगितलं.

आता सिनेमाचं ऐक. या भागात पहिल्यातल्या म्हाताऱ्याची, त्या तीन भावांच्या बापाची, तरुणपणची गोष्ट आहे. तो गावच्या मिरवणुकीत आपल्या बापाच्या मारेकऱ्याच्या खांद्याला खांदा लावून चालतो, एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हाताच्या बाहीत सुरी. सुरीसाठी बाहीत आतून चोरखिसा शिवायचं काम माझ्याकडे आहे. ज्यांची नावं आपण घेत नाही त्या मंडळींनीही निरोप धाडला होता. निरोप एवढाच होता, की आमच्यासारखी माणसं दाखवणार असाल तर वास्किटं तरी चांगल्या कापडाची घाला. घातली आहेत.

सारिना

---

पिएत्रास्पीना, १७ फेब्रुवारी १९७४

मिम्मा,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. चार म्हणजे चारच, मी मोजल्या. पहिलीत शाल, दुसरीत बाही मुद्दाम उलटी लावली नव्हती म्हणून, तिसरीत तुझ्या नवरोबाचं, गास्पारेचं, पित्त. चौथीत तू विचारलं आहेस, की ऑगस्टात सान ओनोफ्रिओ अजून आपल्या दाराशी थांबतो ना.

त्याच्याकडे येते. आधी इथला गोंधळ सांगते.

सिनेमावाल्यांनी मिरवणुकीसाठी पालेर्मोहून आपल्या संताचा, सान ओनोफ्रिओचा, प्लास्टरचा पुतळा आणला. चौकात खोकं उघडलं तर दाढी छातीपर्यंत. छातीपर्यंत, मिम्मा. आपल्याची गुडघ्याखाली. म्हाताऱ्या बायका खोक्याभोवती उभ्या राहून अशा बघत होत्या जशा लग्नात नवऱ्या मुलाच्या जागी त्याचा चुलतभाऊ आणून बसवलाय. दिग्दर्शक हार्लन म्हणून आहे, उंच, टकला, भला माणूस, पण आपली भाषा येत नाही, सगळं ओर्नेल्लामार्फत. तो म्हणाला, लांबून कळणार नाही. बास्तियानोकाका म्हणाला, "त्याला कळेल," आणि चर्चकडे बोट दाखवलं. शिवाय रोक्कामाराने पहिल्या भागात त्यांची खरी घंटा वाजवली होती. आपण खोटा संत नेला तर ते जन्मभर बोलून दाखवतील.

तीन रविवार वाद चालला. शेवटी पाद्रीबुवांनी खरा संत न्यायची परवानगी दिली. अट एकच, नेहमीचे नियम पाळायचे. हार्लनने मान डोलावली. नियम कोणते हे त्याने विचारलं नाही आणि आम्ही सांगितले नाहीत. पाणी वर चढत नाही हे कुणी कुणाला सांगतं का?

ओर्नेल्लाला मात्र मी मिरवणूक समजावून सांगितली, कारण तिला दारादारांतल्या बायकांचे कपडे ठरवायचे होते. तिला सांगितलं, की घर सोडून परदेशी गेलेलं माणूस ज्या घरचं असेल त्या प्रत्येक दाराशी संत थांबतो. खांदेकऱ्यांचा पुढारी, म्हणजे आपला बास्तियानोकाका, गेलेल्याचं नाव घेऊन हाक मारतो. आणि घरचं माणूस त्याच्या वतीने ओ देतं, "आहे." मग संत पुढे जातो. ती म्हणाली, आणि कुणी ओ दिलीच नाही तर? मी म्हटलं, टेप कुठे ठेवलीस, आपल्याला कंबर मोजायची आहे.

चोरखिसा झाला. इतका बेमालूम बसलाय की मलाच सापडत नाही.

तुझ्या चौथ्या ओळीचं पुढच्या पत्रात लिहिते. शाई संपत आली आहे.

सारिना

---

पिएत्रास्पीना, २५ मार्च १९७४

मिम्मा,

शाई संपली नव्हती. तुलाही ते कळलं असणारच.

शनिवारी मिरवणुकीचं शूटिंग झालं. सगळं ओळीने सांगते. माझ्या भागाचं शेवटी येईल, आणि तो भाग आल्यावर उठून पाणी प्यायला जाऊ नकोस.

सकाळी नऊला चोवीस खांदेकऱ्यांनी संत उचलला. पुढे बँड, मागे नट. नायकाचं काम करणारा कॉर्विन म्हणून पोरगेला अमेरिकन आहे, देखणा, पण चालतो बदकासारखा. त्याच्या शेजारी मारेकरी. संत चर्चच्या पायऱ्या उतरून विहिरीपर्यंत आला आणि हार्लन ओरडला. थांबा, असं. बँड थांबला. ओर्नेल्ला बास्तियानोकाकाकडे गेली. मी आपल्या दारात उभी होते, सगळं ऐकू येत होतं.

"काका, फार छान झालं. आता पुन्हा पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"चर्चपाशी परत जायचं आणि परत यायचं."

"कोणी?"

"संताने."

काकाने तिच्याकडे अशा प्रेमाने पाहिलं जसं तापातल्या माणसाकडे बघतात. "बाई, हा एकदा निघाला की मागे फिरत नाही. मागे सरकत नाही, पाठ वळवत नाही, आणि अर्ध्या वाटेत जमिनीला टेकत नाही. पूर्ण फेरी घेतो, मग घरी जातो."

"केवढी आहे फेरी?"

"पाय चांगले असतील तर चार तास."

ओर्नेल्लाने हे हार्लनला सांगितलं. तो विहिरीच्या कट्ट्यावर बसला. टोपी काढली. मग तिच्यामार्फत विचारलं, की संताला पैलवान लोक अलगद उचलून वळवू शकतील का. चोवीसच्या चोवीस माणसं आकाशाकडे बघायला लागली. पाद्रीबुवा म्हणाले, "मी अट आधीच घातली होती." हार्लन म्हणाला, "हे मला कुणी सांगितलं नाही." काका म्हणाला, "तुम्ही इटालियन आजीचे नातू ना, आम्हाला वाटलं तिने सांगितलं असेल."

मला वाटलं आता हा सामान गुंडाळतो आणि रोक्कामाराला जातो. पण त्या टकल्याने डोकं मागे टाकलं आणि हसत सुटला. उठून म्हणाला, कॅमेरा गाडीवर चढवा. कुठल्या गाडीवर? चौकात उभी होती ती मासेवाल्या चिचोची गाढवगाडी. मग काय विचारतेस. पुढे गाढव, गाडीत माशांच्या टोपल्यांच्या जागी कॅमेरा, कॅमेऱ्याचं तोंड मागे, त्यामागे बँड, मग सान ओनोफ्रिओ, मग अमेरिका. चार तास. गावात मी इतका आनंद लढाई संपली त्या दिवशीच पाहिला होता.

कॉर्विनचे बूट पन्नास वर्षांपूर्वीच्या मापाचे, त्याला पाऊण तासात फोड आले. बूट काढून अनवाणी चालायला लागला. बायकांना वाटलं पोराने नवस केलाय. एकेक दारातून येऊन गालाचे पापे घ्यायला लागल्या, उकडलेली अंडी हातात कोंबायला लागल्या. आणि सुरी! बाजाराच्या वळणावर त्याने सुरी काढून मारेकऱ्याला भोसकायचं ठरलेलं होतं. वळण आलं, याने हात बाहीत घातला, चाचपला, पुन्हा चाचपला. सुरी निघेना. मी शिवलेला चोरखिसा, मिम्मा. मारेकरी बिचारा मरायला तयार होऊन चालतोय आणि हा दंडाशी झटतोय. शेवटी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मेणबत्त्या धरून तसेच पुढे गेले. हार्लन गाडीतून ओरडला, आणि ओर्नेल्ला म्हणाली, तो म्हणतोय हेच ठेवायचं. तर आता सिनेमात तो त्याला त्या दिवशी मारत नाही. माझ्यामुळे एक माणूस वाचला आहे.

आणि दारादारांत काका हाका मारत होता, कारण संत निघाला की हाका मारायच्याच. फेर्रांतेंच्या दारात तीन नावं, तिन्ही न्यूयॉर्कची. "आहे. आहे. आहे." हार्लनने हाका ऐकल्या तेव्हा हसणं थांबवलं आणि आवाजाच्या यंत्रवाल्या माणसाला काकाच्या अगदी जवळ चालायला सांगितलं.

आता माझा भाग.

आई होती तोवर तुझ्या नावाला तीच ओ द्यायची. ती गेल्यावर मी दिली नाही. एकदाही नाही. दर ऑगस्टात काका हाक मारायचा, "दोमेनिका कांजेमी," आणि मी दारात उभी राहून जमिनीकडे बघायची. तो तीनदा हाक मारायचा, थांबायचा, मग संत पुढे जायचा. बारा वर्षं. बारा वर्षं ओ आली नाही की नाव यादीतून जातं, हे तुला ठाऊक आहे. गेल्या ऑगस्टात बारावी वेळ झाली. दुसऱ्या दिवशी काका घरी येऊन म्हणाला, "सारिना, पुढच्या वर्षी थांबता येणार नाही मला. मला वाईट वाटतं म्हणून सांगायला आलो." तो गेला, मी भांडी घासायला घेतली आणि तीच तीच कढई तीनदा घासली. म्हणून मी शाल मागितली. शाल ओर्नेल्लाला हवी होती हे खरं आहे, पण तिच्यासाठी मी तुला लिहिलं नसतं.

आणखी एक आहे. ते लिहिल्याशिवाय हे पत्र टाकायचं नाही असं मी ठरवलंय. आईच्या वेळी तू का आली नाहीस ते मला माहीत आहे. तू इस्पितळात होतीस, पोटाचं ऑपरेशन, तू जगशील की नाही हे गास्पारेलाही माहीत नव्हतं. कोट तू अंथरुणावरून त्याला आणायला लावलास. हे मला फेर्रांतेंच्या सुनेने तिकडून आल्यावर सांगितलं. ते वर्ष चौसष्ट. म्हणजे दहा वर्षं मला माहीत होतं. आधी रागाने गप्प होते, नंतर कोट उसवल्याच्या लाजेने, आणि दारात मात्र दोन्ही वेळा सारखीच दिसत होते. तू वाईट नव्हतीस, मिम्मा. मी होते.

संत आपल्या दाराशी आला. नाव यादीत नव्हतं, तरी काका थांबला. पाद्रीबुवा मागून पुटपुटले, तर काका म्हणाला, "हा सिनेमा पन्नास वर्षांपूर्वीचा आहे ना? तेव्हा कुठे नाव गेलं होतं." आणि हाक मारली. "दोमेनिका कांजेमी."

मी आईची शाल घालून उभी होते. आतून तुझा कोट, थंडी होती म्हणून. कॅमेरा समोर. मी म्हणाले, "आहे." मग पुन्हा म्हणाले, "इथंच आहे." एवढ्या मोठ्याने, की गाढव दचकलं.

तू काय म्हणशील मला कळत नाही. काही म्हणालीस तरी ते मला लागू आहे.

सारिना

---

पिएत्रास्पीना, २९ डिसेंबर १९७४

मिम्मा,

नऊ महिने झाले. तुझं पत्र नाही. चार ओळींचीसुद्धा सवय झाली होती बघ. मी तक्रार करत नाही. मी बारा वर्षं घेतली, तुला बारा वर्षं घ्यायचा हक्क आहे, फक्त मी तेव्हा सत्तरीची असेन आणि तू तिच्याही पुढे, एवढं हिशेबात धर.

ऑगस्टचं कळवते. पाद्रीबुवांनी निकाल दिला, की कॅमेऱ्यापुढच्या मिरवणुकीला आशीर्वाद नव्हता, तेव्हा माझी ओ धरायची नाही. आणि गेलेलं नाव परत यायचं तर जुन्या रिवाजाने ज्याचं नाव त्यानेच स्वतःच्या तोंडाने ओ द्यावी लागते. काकाने फार भांडण केलं. पण शेवटी तो यादीचा माणूस. संत आपल्या दारावरून पुढे गेला. काकाने पावलं इतकी हळू केली की मागच्याची मेणबत्ती एका खांदेकऱ्याच्या पाठीला लागली. पण थांबला नाही. मी दारात उभी होते, तुझा कोट घालून, ऑगस्टात. घामाने भिजले. लोक म्हणाले, सारिनाला वेड लागलं. असेल.

आता मुद्दा. दुसरा भाग तिकडे लागला आहे. ओर्नेल्लाने कळवलं. म्हणते लोक रांगा लावतायत, वर्तमानपत्रांत भांडणं लागलीत की पहिला मोठा की दुसरा. इथे यायला अजून वेळ आहे. तेव्हा माझं एक काम कर. जाऊन बघ. सिनेमा फार लांबलचक आहे, तीन तासांहून जास्त, पित्तवाल्या गास्पारेला खायला काहीतरी बरोबर ने. मिरवणूक येईपर्यंत उठू नकोस. मी लिहिलं ते खोटं की खरं, मला खरंच ओ देता आली का, ते तू स्वतःच्या कानाने ऐक. मग पत्र लिही, नाहीतर लिहू नकोस.

तुझी
सारिना

---

पिएत्रास्पीना, १७ फेब्रुवारी १९७५

मिम्मे,

तुझं पत्र दोन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी आलं. एकवीस पानं. पोस्टमन म्हणाला, "हे काय, वकिलाचं आहे का?" मी ते पायरीवर बसून वाचलं, मग आत जाऊन वाचलं, मग काकाला वाचून दाखवलं, आणि तेव्हापासून मला गावात सरळ चालता आलेलं नाही, जो तो थांबवून म्हणतो, तेवढं एक पान पुन्हा वाच.

आधी तुझ्यावर रागावते. नऊ महिने तू रोज पत्र लिहायला बसत होतीस आणि रोज फाडत होतीस, म्हणे अक्षर चांगलं येत नव्हतं. कुणी परीक्षा घेणार होतं का? फाटकंच पाठवायचंस, मी शिवून घेतलं असतं.

आणि हार्लनवर रागावते. माझा आवाज कापला! तू लिहिलं आहेस, की दार आलं, शाल आली, काकाची हाक खणखणीत आली, "दोमेनिका कांजेमी," आणि मी तोंड उघडलं आणि वर सनई की व्हायोलिन काहीतरी वाजलं. माझं "आहे" कुठेच नाही. तोंड उघडून उभी मी, तळ्यातल्या माशासारखी, एवढ्या मोठ्या पडद्यावर. हे वाचलं तेव्हा वाटलं, झालं, आता मिम्मा म्हणणार ही अजूनही खोटं बोलते.

मग पान उलटलं.

तू लिहिलंस, "तू तोंड उघडलंस तेव्हा शालीखाली माझा कोट दिसला. डावी बाही ओढत होती. मला वाटलं, ही एकटीच तिथे उभी आहे, सगळं थिएटर हिच्याकडे बघतंय आणि हिचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. म्हणून मी उठले." गास्पारे तुझा झगा धरून खाली ओढत होता. मागचा माणूस म्हणाला, बाई, खाली बसा. आणि तू ब्रुकलिनच्या त्या भरल्या थिएटरात, साठीची बाई, उभी राहून आपल्या भाषेत म्हणालीस, "आहे." आणि मग मागच्या कुठल्याशा रांगेतून एक म्हातारा आवाज आला, "शाबास," आणि तो निघाला रोक्कामाराचा. त्यातल्या त्यात एक भला माणूस त्या गावात होता तो अमेरिकेला गेला म्हणायचा.

मिम्मे, मी रडले. हे मी सांगते आहे कारण काका सांगेलच. कितीतरी वर्षांनी मी पोटभर रडले आणि लगेच मला सपाटून भूक लागली.

आता गावचं ऐक. पंधरा दिवस इथे दुसरा विषय नाही. काकाचं म्हणणं, ज्याचं नाव त्याने स्वतःच्या तोंडाने ओ दिली, संत समोर होता, रिवाज पुरा झाला, नाव परत यादीत. पाद्रीबुवा म्हणतात, संत समोर नव्हता, संताचं चित्र होतं, तेही न्यूयॉर्कमध्ये, तेही तिकीट काढून. काका म्हणाला, चर्चमधल्या भिंतीवर काय संत स्वतः बसलेत? तिथेही चित्रंच आहेत. काल प्रवचनानंतर पाद्रीबुवा म्हणाले, "वाद नको. तिलाच बोलवा. ऑगस्टात दारात उभी राहून ओ देऊ दे, मी स्वतः यादीत नाव लिहितो." आणि तुझ्या विसाव्या पानावर तू तेच लिहिलं आहेस, की तिकिटं काढली आहेत आणि गास्पारेला समुद्र लागतो म्हणून विमानाने. त्याला विमानही लागेल, लिंबू जवळ ठेव.

तिकडची कात्रणं पाठवलीस ती रोमला ओर्नेल्लाकडे धाडून त्यांचा अर्थ मागवून घेतला. त्या शहाण्यांनी लिहिलंय म्हणे, की तरुण नायक मारेकऱ्याला मारत नाही, बाहीत हात घालून थबकतो, या एका क्षणाने दुसरा भाग पहिल्याच्या वर गेला, माणसाच्या अंतःकरणातला केवढा झगडा. अंतःकरण कसलं. सुरी अडकली होती. पण हे तू तिकडे कुणाला सांगू नकोस, मी इथे सगळ्यांना सांगितलं आहे.

आणि गास्पारेने घड्याळ लावून मोजलं त्याबद्दल त्याला माझ्याकडून पापा दे. एकोणीस मिनिटं. काकाने तो आकडा चौकातल्या भिंतीवर खडूने लिहिला, शेजारी रोक्कामाराचे अकरा. त्यांचा तो जाडा न्हावी मुद्दाम बसने येऊन बघून गेला. म्हणाला, लांबी म्हणजे काही चांगलेपणा नव्हे. मी त्याला बसायला खुर्ची दिली आणि खाऊ घातलं. काय खाऊ घातलं ते ओळख.

ऑगस्टात मी दारात नसेन. मी आत चुलीपाशी असेन, तवा तापवून, आदल्या रात्रीचा पास्ता कडेने करपेपर्यंत. तू दारात उभी राहा. तो कोट इथे खुंटीला आहे, बाही मी लावलेली नाही, गरम झालं तरी घाल. संत येईल, काका हाक मारेल. तेव्हा मोठ्याने बोल, मिम्मे, काकाला आता कमी ऐकू येतं.

तुझी
सारिना